एक गड, तेवीस कॅमेरे: सामुराई भयखेळ बनवतानाच्या नोंदी

गोडो (गेम बनवायचं इंजिन) आणि ब्लेंडर (त्रिमितीय दृश्यं बनवायचं सॉफ्टवेअर) वापरून स्थिर कॅमेऱ्याचा गेम करायला कुणी बसणार असेल, तर त्याचे काही आठवडे वाचावेत म्हणून या नोंदी. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी आणि अधूनमधून रात्री काम केलं. नोंदी त्या-त्या दिवशीच लिहिल्या आहेत, नंतर फक्त शुद्धलेखन तपासलं.

८ जून २०२४, शनिवार

ठरलं. एकच किल्ला, एकच पावसाळी रात्र, खेळायला साधारण चाळीस मिनिटं.

ज्याच्यामुळे हे डोक्यात शिरलं तो गेम म्हणजे कॅपकॉमचा 'ओनिमुशा: वॉरलॉर्ड्स'. जानेवारी २००१ मध्ये जपानात प्लेस्टेशन २ वर आला. 'बायोहझार्ड'चा (म्हणजे 'रेसिडेंट ईव्हिल' या भयखेळाचा) सेन्गोकु काळातला, जपानातल्या यादवीच्या काळातला अवतार म्हणून त्याची सुरुवात झाली होती आणि ते नातं लपत नाही: मागे स्थिर चित्रं, जागचा न हलणारा कॅमेरा, दार उघडलं की नवी खोली. गेमची सुरुवात १५६० च्या ओकेहाझामाच्या लढाईने होते. जिंकलेला सरदार ओदा नोबुनागा घशात बाण लागून कोसळतो आणि मग गेन्मा नावाचे राक्षस त्याला परत उठवतात. खरा नोबुनागा त्या दिवशी मेला नाही, पुढे १५८२ पर्यंत जगला. एवढा एक बाण सोडून त्या मंडळींनी इतिहासाची भूतकथा केली. शाळेत असताना गल्लीतल्या गेम पार्लरमध्ये तासाला वीस रुपये देऊन मी ती तुकड्यातुकड्याने पाहिली. बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खांद्यावरून.

माझी गोष्ट त्याच लढाईच्या हरलेल्या बाजूची. इमागावा योशिमोतोची फौज ओदाच्या फौजेच्या कित्येक पट मोठी होती, तरी वादळी पावसाच्या आडून आलेल्या हल्ल्यात तिची वाताहत झाली आणि योशिमोतो मारला गेला. तिथून मिकावा प्रांताच्या डोंगरांकडे पळालेला त्याचा एक साधा सामुराई रात्री एका ओस पडलेल्या गडावर आसरा घेतो. गडावर मागे काय उरलं आहे, ते म्हणजे माझा गेम.

१६ जून, रविवार

पहिली खोली ब्लेंडरमध्ये केली, रेंडर केली (म्हणजे तिचं चित्र काढून घेतलं), गोडोत मागे लावली, पुढे पात्र उभं केलं. पात्र चालायला लागलं की पाय जमिनीवरून घसरतात. दाराजवळ तर ते दारापेक्षा उंच दिसतं.

कारण शोधण्यात पूर्ण रविवार गेला. ब्लेंडरचा कॅमेरा ३५ मिलिमीटर लेन्सचा, सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद. त्याचा आडवा कोन येतो ५४.४ अंश. तोच आकडा मी गोडोच्या कॅमेऱ्यात टाकला होता. गोडोचा कॅमेरा मुळात उभा कोन मागतो आणि १६:९ चित्रासाठी तो ३२.३ अंश होतो. आकडा बदलल्याबरोबर पाय जमिनीला चिकटले. आता हाताने आकडा टाकतच नाही. कॅमेरे जीएलटीएफ (त्रिमितीय दृश्यांच्या) फाइलमधून खोलीच्या ढाच्यासोबत थेट आणतो.

२९ जून, शनिवार

दोन आठवडे खांबाने खाल्ले.

मागचं चित्र सपाट असतं. पात्र खांबामागे गेलं की झाकलं जायला हवं, त्यासाठी चित्रातला प्रत्येक ठिपका कॅमेऱ्यापासून किती लांब आहे हे इंजिनला सांगावं लागतं. मी ते अंतर साध्या पीएनजी चित्रात साठवलं. आठ बिटांत २५६ पायऱ्या, खोली वीस मीटर, म्हणजे एक पायरी जवळजवळ आठ सेंटिमीटरची. तलवार खांबाजवळ आली की लुकलुकायची.

मग ३२ बिटांची ईएक्सआर फाइल घेतली. लुकलुक थांबली, पण चित्राच्या कडेचे खांब चुकीच्या जागी झाकायला लागले. मधले ठीक, कडेचे चुकलेले. मी ब्लेंडरचा मिस्ट पास (रेंडरसोबत मिळणारा अंतराचा थर) वापरत होतो, कारण तो शून्य ते एकमध्ये तयार मिळतो. मिस्ट पास कॅमेऱ्यापासूनचं सरळ रेषेतलं अंतर देतो, इंजिनला मात्र कॅमेऱ्याच्या नजरेच्या दिशेने मोजलेली खोली (डेप्थ) लागते. चित्राच्या मधोमध दोन्ही सारखीच, कडेला फरक वाढत जातो. तशी खोली देणारा झेड पास घेतला आणि काम झालं. मिस्ट धुक्यासाठीच वापरा.

६ जुलै, शनिवार

कामाची सगळ्यात मोठी चूक ही. मी गड बांधला होता तो जपानमधल्या हिमेजी किल्ल्याच्या फोटोंवरून: पांढरा उंच मनोरा, खाली वळणदार दगडी जोतं. बारा कॅमेरे लावून झाले होते. आज गिफूच्या किल्ल्याबद्दल वाचत बसलो, कारण 'ओनिमुशा'तला इनाबायामा किल्ला तोच. १५६७ मध्ये नोबुनागाने तो जिंकला. आज किनका डोंगरावर दिसणारा मनोरा १९५६ मध्ये काँक्रीटमध्ये उभारलेला. हिमेजीचा आत्ताचा मनोरा १६०९ चा. उंच मनोरा आणि दगडी जोत्यांची ही शैली रुजली ती नोबुनागाने १५७६ मध्ये आझुची किल्ला बांधायला घेतल्यावर. माझी गोष्ट १५६० मधली, आणि तीही डोंगरातल्या एका किरकोळ गडावरची.

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला गड म्हटलं की दगडी तट आणि बुरूज दिसतात. तीच सवय मी जपानला लावली. त्या काळातल्या जपानी डोंगरी गडांचं बळ मातीत होतं: डोंगराची सोंड आडवी कापून काढलेले कोरडे खंदक, तासून उभे केलेले उतार, मातीचे बांध, त्यावर लाकडी कुंपण आणि टेहळणीचे माच. आत लाकडी इमारती, फळ्यांची जमीन.

सगळं काढून टाकलं. अकरा दिवसांचं काम. टाकताना वाईट वाटलं, पण उघड्यावरच्या त्या खंदकांत पाणी आणि चिखल साचलेला दाखवता येतो आणि वर काय उभं आहे ते खालून दिसत नाही. मनोऱ्याच्या जिन्यात ही भीती आली नसती.

२० जुलै, शनिवार

नियंत्रणं. जुन्या 'ओनिमुशा'त वरचं बटण म्हणजे नेहमी पात्राच्या पुढची दिशा, डावं-उजवं म्हणजे जागच्या जागी वळणं. कॅमेरा कुठूनही बघत असो, हात गोंधळत नाही. २०१९ च्या नव्या आवृत्तीत कंट्रोलरच्या ॲनालॉग काठीने चालण्याची सोय आली. मला काठीच हवी होती, कारण आजचा खेळणारा जुन्या पद्धतीला दहा मिनिटांत कंटाळतो.

अडचण अशी की काठीची दिशा कॅमेऱ्यावरून ठरते. कॅमेरा बदलला की तीच दिशा उलटी होते आणि पात्र आल्या वाटेने परत जातं, कॅमेरा पुन्हा बदलतो, पात्र पुन्हा उलटं. मामेभाऊ ओंकार बसला खेळायला. दारात सात वेळा पुढे-मागे झाला आणि म्हणाला, "दादा, हा माणूस घाबरलाय की मी?"

दोन दुरुस्त्या केल्या. एक, काठी सोडेपर्यंत किंवा तीस अंशांपेक्षा जास्त फिरवेपर्यंत जुन्याच कॅमेऱ्याची दिशा धरून ठेवायची. दोन, कॅमेऱ्यांच्या हद्दी एकमेकींवर अर्धा-पाऊण मीटर चढवायच्या आणि नव्या हद्दीत पूर्ण शिरल्याशिवाय कॅमेरा बदलायचा नाही. दुसरी दुरुस्ती सोपी वाटते, पण तिच्याविना उंबऱ्यावर उभं राहिलं की चित्र फडफडतं.

त्यानंतर ओंकार न अडखळता गडाच्या दरवाज्यापासून विहिरीपर्यंत गेला आणि तिथे आपोआप हळू चालायला लागला. कारण कॅमेरा विहिरीच्या आतून वर बघत होता. हात बिनचूक चालला तरच डोळ्यांना घाबरायला सवड मिळते, हे मला त्या मिनिटात कळलं.

३ ऑगस्ट, शनिवार

तलवारीच्या हालचालींचा तयार संच विकत घेतला होता, ₹२,१००. तो युरोपी दोन हाती तलवारीचा निघाला. वर्णनात 'समुराई' लिहिलं होतं, पण म्यान पाठीवर आणि हात कोपरातून फिरणारे. उचिगाताना ही सामुराई तलवार कमरेच्या पट्ट्यात धार वर ठेवून खोचलेली असते, त्यामुळे उपसणं आणि वार एकाच ओघात होतात. ताची ही जुनी तलवार धार खाली ठेवून टांगलेली असते, तिचं उपसणं वेगळं. संचातली उपसण्याची हालचाल दोन्हींत बसेना.

बोक्केन, म्हणजे सरावाची लाकडी तलवार मागवली, ₹९००. गच्चीवर मोबाइल तिवईला लावून बाजूने आणि समोरून चित्रण केलं, त्यावरून सहा हालचाली हाताने बसवल्या. तलवारबाजी मला येत नाही. जाणकारांचे व्हिडिओ बघून अनुकरण केलं आणि जे नीट जमलं नाही ते गेममध्ये ठेवलं नाही. विकत घेतलेल्या संचातलं फक्त कोसळणं आणि धडपडणं वापरलं.

११ ऑगस्ट, रविवार

इस्सेन. शत्रूचा वार लागणार त्याच क्षणी आपण वार केला की साधा शत्रू एका घावात संपतो. 'ओनिमुशा'चा प्राण तो. मी पहिल्यांदा त्यासाठी वेळेची खिडकी ठेवली चार फ्रेमची, म्हणजे सेकंदाला साठ फ्रेम धरून सुमारे ६७ मिलिसेकंद. मला दहात तीनदा जमायचं. ओंकारला एकदाही जमलं नाही.

खिडकी नऊ फ्रेम केली, १५० मिलिसेकंद. तरी त्याच्या घरच्या टीव्हीवर जमेना. टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवत होता. गेम मोड लावला आणि जमलं. आता सेटिंग्जमध्ये उशीर मोजायची छोटी चाचणी दिली आहे: ठोक्यावर बटण दाबा, त्यावरून खिडकी सरकते.

आणखी एक. शत्रूचा वार सुरू व्हायच्या आधी मी त्याच्या डोळ्यांत ठिणगी दाखवत होतो. सगळे ठिणगी बघून बटण दाबायचे, शत्रूकडे कुणी बघायचंच नाही. ठिणगी काढली, त्याऐवजी खांदा आधी वर जातो. जमायला वेळ लागतो, पण मग माणूस अंगाकडे बघायला शिकतो.

१८ ऑगस्ट, रविवार

गोडो ४.३ आलं आणि मी काम अर्धवट असताना उत्साहाने चढवलं. उघडून बघतो तर पात्र खांबांसमोर असताना गायब आणि खांबामागे गेलं की स्पष्ट. ४.३ पासून खोलीची (डेप्थची) मोजणी उलटी केली आहे: जवळचं एक, लांबचं शून्य. माझा शेडर (ठिपके कसे दिसतील ते ठरवणारा छोटा प्रोग्राम) हा डेप्थचा आकडा हाताने लिहीत होता. हे प्रकाशनाच्या टिपणात लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. दोन दिवस गेले. आता शेडर कॅमेऱ्याच्या प्रोजेक्शन मॅट्रिक्सवरूनच आकडा काढतो, त्यामुळे दोन्हीकडे चालतो. प्रकल्पाची जुनी प्रत होती म्हणून निभावलं.

२५ ऑगस्ट, रविवार

तेवीसही कॅमेरे पुन्हा रेंडर केले. दर ठिपक्याला ५१२ नमुने, एका चित्राला साधारण चौदा मिनिटं, एकूण साडेपाच तासांच्या आसपास. गुरुवारी दुपारी लावून कामाला गेलो तर वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी संपली, नवव्या चित्रावर सगळं थांबलं. शनिवारी रात्री लावलं आणि एक-एक फाइल लगेच जतन होईल अशी स्क्रिप्ट लिहिली.

रंगही जुळत नव्हते. ब्लेंडर ४ मध्ये रंगांची पद्धत मुळातच एजीएक्स असते. चित्र मवाळ आणि पात्र भडक, कापून चिकटवल्यासारखं. ब्लेंडरमध्ये 'स्टँडर्ड' केलं, इंजिनातलं टोनमॅपिंग (उजेड पडद्याच्या रंगांत बसवणं) साधं ठेवलं. शिवाय प्रत्येक खोलीत दिव्याची जागा आणि रंग इंजिनातही तसेच लावले, म्हणजे मशालीजवळ गेल्यावर पात्राच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. चित्र आणि पात्र एकाच जगातले वाटायला लागले ते या उजेडाने.

१ सप्टेंबर, रविवार

भुतांची यादी पुन्हा तपासली. शेवटचा शत्रू म्हणून गाशादोकुरो ठेवला होता, उपाशी मेलेल्यांच्या हाडांचा अवाढव्य सापळा. लढाईत मेलेल्यांच्या गोष्टीला तो अगदी बसतो. पण ती कल्पना विसाव्या शतकात रचलेली आहे. चित्रकार कुनियोशीच्या एकोणिसाव्या शतकातल्या सापळ्याच्या चित्रामुळे ती जुनी वाटते. गेममध्ये राक्षस काल्पनिकच असतात, हे मला मान्य आहे. 'ओनिमुशा'ने तर गेन्मांना 'हॅम्लेट'मधली नावं दिली: फोर्टिनब्रास, गिल्डनस्टर्न, मार्सेलस, ओसरिक. पण मनोऱ्याची चूक अंगावर आल्यानंतर मला हे ठेवावंसं वाटेना.

त्याऐवजी मोकुमोकुरेन घेतलं. फाटक्या शोजीच्या, म्हणजे सरकत्या कागदी दारांच्या, चौकटींतून बघणारे डोळे. हेही १५६० मधलं म्हणून सांगता येत नाही, ते चित्रकार तोरियामा सेकिएनने अठराव्या शतकात काढलं. पण ते पडक्या घराचं भूत आहे आणि माझा गड पडका आहे. मुख्य म्हणजे ते फक्त बघतं. जागचा न हलणारा कॅमेरा पण तेच करतो.

२१ सप्टेंबर, शनिवार

गणपतीच्या दहा दिवसांत ध्वनिमुद्रण अशक्य होतं. आज वाईला आत्याकडे गेलो. तिच्या वाड्याच्या माडीवर अजून सागाच्या फळ्या आहेत. रात्री अकरानंतर अनवाणी, मोजे घालून आणि ओल्या पायांनी असा तीन प्रकारे चाललो. फळ्या कुठे बोलतात ते आत्याला पाठ आहे. "त्या कोपऱ्यात नको, तिथे फक्त दिवसा वाजतं," ती म्हणाली. तसंच निघालं. दिवसभर तापलेलं लाकूड रात्री वेगळं वाजतं.

चाळीस मिनिटांच्या मुद्रणातून कामाचे ३१ आवाज मिळाले. एकच करकर पुन्हा-पुन्हा वाजली की कानाला लगेच कळतं, म्हणून प्रत्येक पावलाला पाच तरी पर्याय आणि स्वरात थोडा बदल. पाऊस जूनमध्येच आमच्या पत्र्याच्या शेडखाली धरून ठेवला होता. तो वापरता आला नाही, कारण पत्र्यावरचा पाऊस ऐकला की पत्राच दिसतो. पेंढ्याच्या छपरावर पाऊस जवळजवळ मुका असतो. वळचणीचं टपटप तेवढं ठेवलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

मराठी मजकूर. पात्राचं मनोगत एकेक अक्षर उमटत येतं. 'विहिरीत' लिहिताना आधी 'व' दिसायचा, मग वेलांटी त्याच्या आधी घुसायची आणि 'व' उजवीकडे सरकायचा. जोडाक्षरं आधी हलंत दिसून मग जुळायची. प्रत्येक ओळ थरथरत होती.

यावर मराठीत कुठे लिहिलेलं सापडलं नाही म्हणून नीट सांगतो. गोडोत मजकूर दाखवणाऱ्या लेबलला 'व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर' असा गुण आहे. मुळात तो अक्षरं जुळवण्याआधीच मजकूर कापतो. तो 'आफ्टर शेपिंग'वर किंवा ग्लिफच्या पर्यायावर न्या. मग अक्षरं आधी जुळतात आणि जुळलेली उमटतात.

दुसरी चूक माझी स्वतःची. गेमची फाइल लहान व्हावी म्हणून इंजिन स्वतः कंपाइल करताना अक्षरं जुळवणारा 'प्रगत टेक्स्ट सर्व्हर' काढून टाकला होता. त्यामुळे माझ्या संगणकावर एडिटरमध्ये सगळं छान आणि तयार गेममध्ये 'क्ष' तुटलेला. देवनागरीला तो सर्व्हर लागतोच. चार मेगाबाइट वाचवायला गेलो आणि तीन संध्याकाळी गेल्या.

१९ ऑक्टोबर, शनिवार

संगीत एका मित्राने केलं. त्याने पैसे घेतले नाहीत, पण श्रेयनामावलीत त्याचं नाव माझ्या आधी टाकलं आहे. मूळ 'ओनिमुशा'चं संगीत ज्या नावाने प्रसिद्ध झालं, त्यामागे प्रत्यक्षात दुसराच संगीतकार लिहीत होता हे २०१४ मध्ये उघड झालं. २०१९ च्या आवृत्तीत संगीत नवं घातलं गेलं. कित्येक वर्षं खऱ्या रचनाकाराचं नाव त्या सुरांवर नव्हतं. ते वाचल्यापासून आपल्या छोट्या गेममध्येही प्रत्येकाचं नाव जागेवर असावं असं वाटत होतं. आत्याचंही आहे, 'लाकडी जमीन' या शब्दांपुढे.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

ओवाळणी झाल्यावर ओंकार आणि त्याची बहीण मुग्धा दोघं बसले. पडदे लावले, टीव्ही गेम मोडवर. मी मागे वही घेऊन बसलो, बोलायचं नाही असं ठरवून.

खंदकात ओंकार दोनदा मेला. इस्सेन चौथ्या शत्रूवर जमलं. भांडारगृहात अठराव्या कॅमेऱ्याची हद्द अजून चुकते, पात्र क्षणभर चौकटीबाहेर जातं. विहिरीजवळचं दार उघडतं हे दोघांनाही कळलं नाही, सहा मिनिटं वाया गेली. दारावर ओल्या हाताचा ठसा टाकायला हवा.

मग गडकऱ्याची खोली. कॅमेरा शोजीच्या मागच्या बाजूला आहे, कागदाच्या फाटक्या भोकांतून आत बघणारा. पात्र आत येतं, दिवा ठेवतं. काहीच होत नाही. मी तिथे अकरा सेकंद ठेवले आहेत. मुग्धाने सातव्या सेकंदाला विचारलं, "ताबा ओंकारकडे आहे, पण आपण आत्ता कुणाच्या डोळ्यांनी बघतोय?"

ओंकारने काठी सोडली. पात्र दिव्याजवळ उभं राहिलं, आणि आत्याच्या माडीवरची एक फळी वाजली.

एकूण खर्च आजवर: हालचालींचा संच ₹२,१००, बोक्केन ₹९००, मायक्रोफोनचं वाऱ्याचं टोपण ₹४५०, वाईचा प्रवास ₹३८०. विजेचं बिल दोन महिने साधारण तीनशेने जास्त आलं. कामाचे तास मोजलेले ३४६, त्यातले फुकट गेलेले निदान ११०.

उद्यासाठी: अठरावा कॅमेरा, दारावरचा ठसा, आणि अकरा सेकंदांना हात लावायचा नाही.